कानानं विणलेली बाही

"उलट," जाऊबाई म्हणाल्या.

मी हातातलं विणकाम सुयांसकट फिरवलं, मागची बाजू पुढं आणली आणि आता काय, म्हणून त्यांच्या तोंडाकडं बघितलं. त्यांनी डाव्या हातानं माझ्या मनगटावर चापट मारली. मला वाटलं, चुकलं असेल काही, म्हणून पुन्हा होतं तसं केलं.

"उलट," त्या पुन्हा म्हणाल्या.

मी पुन्हा उलटलं. पुन्हा चापट.

तीन-चारदा असं झाल्यावर मी सुया कॉटवर आपटल्या. म्हटलं, जाऊबाई, मी गिरणीवाली बाई. मला गहू दळायला सांगा, मिरच्या कांडायला सांगा, पण हे लोकरीचं झेंगट माझ्यानं व्हायचं नाही. त्यावर त्यांनी डाव्या हातानं सुया गोळा केल्या, माझ्या मांडीवर आणून ठेवल्या आणि भिंतीकडं बघत बसल्या. टाके किती गळाले होते ते देवाला माहीत.

ही बरीच वर्षांपूर्वीची गोष्ट. सिन्नरला बसस्टँडच्या मागं आमचं घर, आणि घराला लागूनच पिठाची गिरणी. घरात आम्ही दोघी जावा. द्वारकाबाई थोरल्या, मी धाकटी. घरात त्यांचा हुकूम चालायचा, गिरणीत माझा. पट्ट्याच्या आवाजात राहून मला ओरडून बोलायची सवय लागलेली, आणि त्यांना हळू आवाजात टोचून बोलायची. आमटीत मीठ कमी पडलं तर त्या सरळ म्हणायच्या नाहीत; आज मीठ संपलं होतं का गं चंद्रे, असं विचारायच्या. मीही काही कमी नव्हते. त्यांनी एक म्हटलं की मी उलटून दोन बोलायची. अशा वेळी आमचे दोघींचे नवरे पेपर उचलून बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे.

त्या वर्षी गणपती उठले आणि आठवड्याभरात जाऊबाईंना अर्धांगाचा झटका आला. नाशिकला दवाखान्यात ठेवलं. पाय पुष्कळसा सुधारला, काठी घेऊन चालायला लागल्या, पण उजवा हात गेला तो गेलाच. आणि बोलणं बिघडलं. जीभ जड झाली असती तर समजलं असतं. यांचा शब्द अगदी स्पष्ट यायचा, फक्त दुसराच यायचा. गरम हवं असलं की गार म्हणायच्या. दार लावायचं असलं की उघड म्हणायच्या. डॉक्टर म्हणाले, जोडीच्या शब्दांची अदलाबदल होतेय, आणि आपण चुकलो हे त्यांना बोलताना कळतही नाही. त्यांना बोलतं ठेवा, बोलल्या तरच सुधारेल. गप्प बसल्या तर आहे ते असंच राहील.

पहिले काही दिवस बोलल्या. मग तो फोन झाला.

त्यांची एकुलती एक मुलगी वैजयंती, आमची वैजू, भुसावळला दिलेली. दिलेली कसली, तिनं तिचं ठरवलं होतं. मुलगा रेल्वेत, पण आपल्यातला नव्हे. जाऊबाई लग्नाला उभ्या राहिल्या खऱ्या, पण नंतर वर्षभर लेकीशी कामापुरतंच बोलल्या. तिला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा मात्र विरघळल्या. पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी येणार, बाळ ऐन थंडीत होणार, म्हणून फिकट पिवळी लोकर आणून स्वेटर सुरू केला. बाळ व्हायच्या आधी त्याचं काही करू नये म्हणतात कोणी कोणी. यांनी ऐकलं नाही. सिन्नरच्या थंडीत पोर उघडं ठेवू का, म्हणाल्या. स्वेटरची पाठ पुरी झाली, पुढचा भाग अर्धा झाला, आणि सुया तशाच राहिल्या.

दवाखान्यात वैजू येऊन बघून गेली होती, पण तेव्हा आईच्या तोंडून शब्दच निघत नव्हता. घरी आणल्यावर तिचा फोन आला. दादांनी, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांनी, रिसीव्हर जाऊबाईंच्या कानाला लावला. वैजूनं विचारलं असणार, दिवाळी झाली की येऊ ना गं तिकडं. जाऊबाईंचा सगळा चेहरा फुलला. हसत हसत म्हणाल्या, "नको. येऊ नको."

तो चेहरा आम्हाला दिसला. वैजूला नुसते शब्द ऐकू गेले. दादांनी पुष्कळ समजावलं, की अगं, तिला ये म्हणायचं होतं, तिचे शब्द हल्ली उलटे पडतात. वैजू म्हणाली, बाबा, माझी समजूत घालू नका, तिच्या मनात होतं तेच बाहेर आलं. बाळंतपण इथंच करू, सासूबाई आहेत. आणि फोन ठेवला. आता दादांना तरी अक्कल हवी होती की नाही? ते जाऊबाईंना जाऊन सांगून बसले, तू असं असं बोललीस.

झालं. त्या दिवसापासून जाऊबाईंनी तोंड मिटलं. पाणी हवं तर तांब्याकडं बोट. फोन वाजला की काठी घेऊन आतल्या खोलीत. कोणी भेटायला आलं की डोळे मिटून पडायच्या. शेजारची सुधा त्यांची इतक्या वर्षांची मैत्रीण, दोघी मिळून विणायला बसायच्या, तिलासुद्धा दारातून परत पाठवलं. इकडं डॉक्टर म्हणत होते बोलतं ठेवा, आणि तिकडं वैजूचे दिवस भरत चालले होते. सातव्यात आणली तर आणली. आठवा लागला की आमच्याकडं पोटुशीला हलवत नाहीत.

अशात एका दुपारी वीज गेली म्हणून मी गिरणी बंद करून घरात आले, तर जाऊबाईंनी लोकरीची पिशवी माझ्या पुढ्यात आणून टाकली. मी म्हटलं, सुधाला देऊ का, ती बसल्या बैठकीला करेल. त्यांनी जोरानं मान हलवली. सुईकडं बोट दाखवलं, मग माझ्याकडं दाखवलं, आणि कित्येक दिवसांनी तोंड उघडून तो एक शब्द म्हणाल्या, उलट. दारात दादा उभे होते. त्यांनी मला चक्क हात जोडले. आता सांगा, कोणत्या तोंडानं नाही म्हणणार?

दुसऱ्या दिवशी सुधा बाजरी घेऊन गिरणीवर आली. मी तिला विचारलं, तुमच्या त्या विणकामात सारखं उलटवायचं कशाला असतं? तिला आधी काही उमजलं नाही. मी हातवारे करून दाखवलं तेव्हा ती जी हसायला लागली, ती बाजरीचा डबा खाली ठेवून हसली. अगं बाई, म्हणाली, उलट म्हणजे उलटायचं नाही, उलट हे टाक्याचं नाव आहे. दोरा मागं ठेवून विणला तो सुलट टाका, पुढं घेऊन विणला तो उलट. तिथंच बाकड्यावर बसून, झाडूच्या दोन काड्या आणि सुतळी घेऊन, तिनं माझ्याकडून दोन्ही टाके घोटून घेतले. गिऱ्हाइकं उभ्यानं तमाशा बघत होती.

त्या दुपारी मी ऐटीत सुया हातात घेतल्या. जाऊबाई म्हणाल्या, उलट. मी दोरा पुढं घेतला आणि झोकात उलट टाका घातला. चापट. मी तो सोडला, पुन्हा नीट, सुधानं दाखवला अगदी तसाच घातला. पुन्हा चापट. मग मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, आता हाच उलट आहे, सुधाला विचारून आलेय, तुमचा उलट काय वेगळ्या गावचा आहे का? जाऊबाईंनी कपाळाला हात लावला. तोही डावाच.

पुढचे काही दिवस माझे असे गेले की विचारू नका. घाम फुटलेल्या बोटांना लोकर चिकटायची. टाका सुटला की तो एका जागी थांबायचा नाही, खालपर्यंत पळत जायचा आणि त्याच्यामागं मी. बोटं दळण घालण्यात, पट्टा ओढण्यात राठ झालेली. सुई धरली की मुसळ धरल्यासारखी धरली जायची. विणलेलं इतकं घट्ट व्हायचं की सुई आत शिरेना. आणि जरा कुठं ओळ पुरी होत आली की जाऊबाई म्हणायच्या, उसव. एवढा एक शब्द मात्र त्यांचा कधी चुकला नाही. विण म्हणायच्या ऐवजी उसव म्हणत असतील, अशी मी फार आशा धरली होती, पण नाही. उसव म्हणजे उसवच.

एक मात्र झालं. विणायला बसल्यापासून माझ्यापुरतं त्यांचं तोंड उघडलं. उलटसुलट का होईना, बोलायला लागल्या. एक दिवस म्हणाल्या, गार चहा कर. मी सवयीनं चांगला उकळता चहा आणून ठेवला, आणि कप ठेवता ठेवता माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. गार म्हणजे गरम हे मला ठाऊक, उघड म्हणजे लाव हे ठाऊक, मग ह्यांचं उलट म्हणजे सुलट, हे माझ्या लक्षात कसं आलं नाही? इतक्या दिवसांच्या चापटा मी फुकट खाल्ल्या होत्या. त्याचा मला आजही राग येतो.

तिथून पुढं काम चाललं. त्या उलट म्हणाल्या की मी सुलट घालायची, सुलट म्हणाल्या की उलट. टाका बघून ओळखायची नजर मला काही आली नाही. सुधा नुसतं बघून सांगायची, हा उलट, हा सुलट. मला सगळे सारखेच दिसायचे. मी आपली कानानं विणायची. ऐकायचं, मनात फिरवायचं, घालायचं. अशा रीतीनं पुढचा भाग पुरा झाला. एक बाही झाली, जरा वाकडी, पण झाली. भांडणं तर रोजची. मी ओरडायची, त्या टोचायच्या. तेही उलटे शब्द घालून, त्यामुळं टोचलं का कौतुक केलं ते मला आधी सुलट करून बघावं लागायचं. हातानं काय सुरेख विणतेस, म्हणाल्या एकदा. हातानं म्हणजे पायानं, हे मी समजले.

वैजूचा सातवा संपत आला. दादा रोज म्हणायचे, एकदा फोनवर बोल तिच्याशी. जाऊबाई उठून आत जायच्या. शेवटी मी एकदा झडप घातली. माझ्याशी दिवसभर बोलता, माझा जीव खाता, आणि पोटच्या पोरीशी दोन शब्द बोलायला काय होतं? त्यांनी लोकरीचा गुंडा चाचपला. मग म्हणाल्या, "तुला कळत नाही. तिला कळतं."

मी ते मनात फिरवून घेतलं. तुला कळतं, तिला कळत नाही. मला रागच आला. एवढं होतं तर आधी का नाही हो असं बोललात, धड होतात तेव्हा?

दुसऱ्या बाहीची सुरुवात मनगटाच्या काठानं होती. दोन सुलट, दोन उलट, दोन सुलट, दोन उलट. तशा ओळी वर चढत गेल्या की उभ्या पट्ट्या पडतात आणि काठ हाताला धरून बसतो. पहिल्या बाहीला जमलं होतं. त्या दुपारी घरात आम्ही दोघीच होतो, दादा बाजारात गेलेले. जाऊबाई सांगत होत्या, मी घालत होते. काही ओळी छान झाल्या. मग चहा झाला, परत बसलो, आणखी दोन-तीन ओळी झाल्या, आणि जाऊबाईंनी एकदम बाही माझ्या हातातून ओढली.

"काय केलंस हे?" त्यांनी काठ माझ्या नाकापुढं धरला. उभ्या पट्ट्या मध्येच तुटल्या होत्या, वर सगळं चौकटी चौकटी झालं होतं. "दोन सुलट म्हटलं ना मी? सुलट."

"सुलट म्हणालात म्हणून तर उलट घातले," मी गिरणीतल्या आवाजात म्हणाले. "तुमचं सुलट म्हणजे उलट. इतके दिवस तसंच चाललंय आपलं."

"माझं सुलट म्हणजे सुलट."

"मग काल काय होतं? आणि चहाच्या आधी?"

बोलता बोलता मी थांबले. काठाकडं पुन्हा बघितलं. खालच्या ओळी सरळ होत्या, तिथं मी त्यांचे शब्द फिरवून घातले होते. वरही मी फिरवूनच घातले होते. माझं काही बदललं नव्हतं. मी सुया खाली ठेवल्या, ह्या खेपेला आपटल्या नाहीत.

दार सताड उघडं होतं आणि गार वारा येत होता. मी विचारलं, दार काय करू? लाव, म्हणाल्या. मी लावलं. पाणी कसलं देऊ? गरम, म्हणाल्या, आणि पुढं, "असं काय वेड्यासारखं विचारतेस?"

"जाऊबाई," मी म्हटलं, "तुम्ही बरोबर बोलताय."

त्यांना आनंद होईल असं मला वाटलं होतं. त्या घाबरल्या. खाली मान घालून म्हणाल्या, "मला तेव्हाही बरोबरच वाटायचं गं. मला कसं कळणार?"

मी ती मोडलेली बाही उचलली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. म्हटलं, माझ्यावर विश्वास ठेवू नका, पण ह्याच्यावर ठेवा. हे खालचं तुम्ही चुकत होतात तेव्हाचं. हे वरचं तुम्ही चुकला नाहीत म्हणून बिघडलं. विणकाम तर तुम्हाला कळतं ना? त्यांनी तुटलेल्या पट्ट्यांवरून अंगठा फिरवला. एकदा फिरवला, मग परत खालून वर फिरवला. ह्या खेपेला उठून आत गेल्या नाहीत. मी वाट बघितली नाही. फोन ओढला आणि भुसावळचा नंबर लावला.

वैजूनंच उचलला. मी म्हटलं, आई बोलतेय, आणि रिसीव्हर जाऊबाईंच्या हातात दिला.

"वैजू," त्या म्हणाल्या. "ये."

पलीकडून काहीतरी बारीक आवाजात बोललेलं मला ऐकू आलं, आणि जाऊबाईंनी पडलेल्या तोंडानं रिसीव्हर माझ्याकडं केला.

"काकू," वैजू म्हणत होती, "तेव्हा आई येऊ नको म्हणाली, तर बाबा म्हणाले, ते ये होतं. आता ती ये म्हणतेय. मग हे मी काय समजू?"

घ्या. आता हिला कुठून सुरुवात करून सांगायचं? लोकर, काठ, उभ्या पट्ट्या? वैजूचा आवाज आता चढला होता, जाऊबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी डाव्या हातानं रिसीव्हर माझ्याकडून काढून घेतला.

"ये म्हणजे ये," त्या म्हणाल्या. "सातवा संपायच्या आत ये. एकटी येऊ नको, जावयांना घेऊन ये. खालचा बर्थ घ्यायला सांग त्यांना."

एका दमात ये आणि येऊ नको, दोन्ही आपापल्या जागी. वैजूलाही ते कळलं असणार. कारण पलीकडून जो हुंदका आला तो मला हातभर लांबूनही ऐकू आला. जाऊबाई रडल्या नाहीत. रडतेस काय, म्हणाल्या, रडून बाळाला त्रास होतो, आणि येताना तुझी ती जाड रग आण, इथं थंडी आहे. मग हो, हो, बरं, असं बराच वेळ चाललं. हो च्या जागी हो, नाही च्या जागी नाही.

फोन ठेवल्यावर त्यांनी बाही उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरली. दोन्ही बाजूंनी बघितली.

"ही सुधाकडं नेऊन दे," त्या म्हणाल्या. "म्हणावं, पहिलीसुद्धा उसव आणि दोन्ही नव्यानं कर. संध्याकाळी इकडंच येऊन बस म्हणावं तिला. तुझ्या हाताला वळण नाही, चंद्रे. यायचंही नाही."

इतक्या दिवसांची माझी मेहनत त्यांनी एक शब्द इकडचा तिकडं न होऊ देता मोडीत काढली. माझ्या जिभेवर चांगलं तिखट उत्तर आलं होतं. पण त्या घरात आल्यापासून पहिल्यांदाच मी थोरलीला उलटून बोलले नाही. मी पिशवी उचलली आणि पदरानं तोंड पुसत सुधाकडं गेले.